दीड हाताची वाट

सोमवार, ७ जानेवारी १९८०

अडकलो! स्वतःच्या वाडीत, स्वतः लावलेल्या पानवेलींच्या दोन ओळींमध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी अडकलो. पुढे पोट, मागे वेलीच्या आधाराचा पांगारा. ही वाट दीड हात रुंद आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मीच दोरी लावून ती आखली होती. तेव्हा मी तीतून डोक्यावर टोपली घेऊन धावत असे. आज सुटण्यासाठी अंग वळवले आणि तीन वेली तुटल्या.

मथुरा बांधावर उभी होती. बायकांनी पानवेलीत पाऊल टाकायचे नाही, ही आमच्या वाडीची रीत. चाळीस वर्षे ती बांधावर उभी राहून पाने घेते आणि जुड्या बांधते. तिथूनच म्हणाली, "अहो, श्वास सोडा नि आडवे सरका. खेकड्यासारखे."

खेकड्यासारखा सरकलो. हे लिहीत आहे ते रागाने! 

मंगळवार, ८ जानेवारी

वाडीत गेलो नाही. पाने वेलीवर जून होत आहेत.

रविवार, १३ जानेवारी

चिरंजीव दिवाकर मुंबईहून आला. जेवताना माझ्या ताटाकडे पाहत होता. मी मुद्दाम भात पुन्हा घेतला.

मग विषय काढलाच. "बाबा, तुळिंजला बघा. कालची भातखाचरं, आज चाळी. आपली वाडीही मागताहेत. गडी सगळे बांधकामावर गेले, उरलेत ते पानाला हात लावायला नाही म्हणतात. तुम्हाला आत शिरता येत नाही. मग मी काय रजा काढून पानं खुडू?"

मी म्हणालो, "काढ."

"आई, तू तरी सांग ना यांना!"

मथुरा म्हणाली, "मी काय सांगू? त्यांनी माझं ऐकलं असतं तर आज वजन निम्मं असतं."

शेवटी मी शब्द दिला. दिवाळीला घरचे माणूस पानवेलीत उतरून पाने खुडत नसेल, तर मी विक्रीच्या कागदावर सही करीन. दिलेला शब्द मी आजवर फिरवलेला नाही. पण दिवाळीस अजून नऊ-दहा महिने आहेत. घरचे माणूस म्हणजे मी!

बुधवार, २३ जानेवारी

वर्तमानपत्रातून एक कात्रण कापून ठेवले आहे. मुंबईस एक मोठे शल्यचिकित्सक विलायतेहून शिकून आले आहेत. लठ्ठ माणसाच्या आतड्यावर शस्त्रक्रिया करून वजन उतरवतात. मथुरेस वाचून दाखविले. ती म्हणाली, "त्यापेक्षा तोंडावर शस्त्रक्रिया स्वस्त पडेल."

मी त्या डॉक्टरांना पत्र लिहिले.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

मुंबईस जाऊन आलो. गावातल्या प्लासिडच्या केळीच्या ट्रकमधून गेलो, पुढच्या बाकावर. तो म्हणाला, "काका, मधी सरका जरा, गाडी डावीकडं कलते." मी म्हणालो, "गाडी तुझी जुनी आहे." दोघांचेही म्हणणे खरे होते.

वजन एकशे चौतीस किलो.

मोठ्या डॉक्टरांनी कागदावर आतड्याचे चित्र काढले. आतडे कापून फेकीत नाहीत. वरचा तुकडा खालच्या तुकड्यास जोडतात आणि मधले लांबलचक आतडे बाजूला ठेवतात. अन्न सरळ पुढे जाते, अंगी लागत नाही. मी म्हणालो, "समजले. पाटाचे पाणी मधल्या वाफ्यांना न देता थेट शेवटच्या वाफ्यात सोडायचे." ते फार खूश झाले. मी पुढे विचारले, "मग मधले वाफे वाळतील, त्याचे काय?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "म्हणूनच माझी अट आहे. तुमच्या गावचा एक डॉक्टर मला लेखी हमी देईल, की दर आठवड्याला तुम्हाला तपासीन, वजन कळवीन, इंजेक्शन देईन, रक्त काढून पाठवीन. दोन वर्षं. त्या सहीशिवाय मी सुरीला हात लावणार नाही."

दर आठवड्यास मुंबईस येणे मला अशक्य आहे, हे त्यांनी मला जिना चढताना पाहूनच ओळखले असावे.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

वसईतील दोन डॉक्टरांकडे गेलो. पहिले म्हणाले, हे कधी ऐकलेही नाही. दुसरे म्हणाले, काही बरेवाईट झाले तर बालंट माझ्यावर येईल. "तुमच्या शेजारीच तर डॉक्टर आलोशियस आहेत! त्यांना विचारा ना."

सर्व वसई हेच म्हणणार. आणि सर्व वसईस हेही ठाऊक आहे की सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून डॉक्टर आलोशियस आणि मी यांच्यात अकरा वर्षे वसईच्या कोर्टात दावा चालू आहे. मी वादी आहे.

रविवार, १० फेब्रुवारी

नाही म्हणजे नाही!

सोमवार, ११ फेब्रुवारी

गेलो. धुतलेले धोतर, कोट, टोपी. तोंडी विनंती मी करणार नव्हतो, म्हणून रीतसर अर्ज लिहून नेला. इतर रोग्यांबरोबर बाकावर बसलो. बाक करकरला. नंबर आल्यावर आत गेलो आणि अर्ज पुढे ठेवला.

डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. "नरहरीभाऊ, हा अर्ज आहे की नोटीस?"

मी म्हणालो, "मजकूर स्पष्ट आहे."

"स्पष्ट आहे खरा. ‘सदर डॉक्टर यांनी हमी न दिल्यास आमचे काही म्हणणे नाही.’ बरं! माझं म्हणणं ऐका. तुम्ही माझे वडील असता तर मी ही शस्त्रक्रिया करू दिली नसती."

"मी आपला वडील नाही. प्रतिपक्ष आहे."

तेव्हा ते मोठ्याने हसले. पडद्यापलीकडून त्यांच्या पत्नी जुलियानाबाईही हसल्या. मग त्यांनी सही केली. कोणतीही अट नाही, दाव्याचा शब्द नाही. फक्त म्हणाले, "दर गुरुवारी यायचं आणि विचारीन त्याचं खरं उत्तर द्यायचं. कोर्टातलं कोर्टात, दवाखान्यातलं दवाखान्यात."

"कोर्टातही मी खरेच बोलतो."

"हो, आणि उरलेलं तुमचा वकील बोलतो."

त्यांनी नकार दिला असता तर मला अधिक बरे वाटले असते.

बुधवार, २७ फेब्रुवारी. मुंबई

उद्या सकाळी. मथुरा खाटेशेजारी पाटावर बसून आहे. इथली परिचारिका तिला म्हणाली, आजी, तुम्ही घरी जा. ती म्हणाली, "मी गेले तर हे तुमच्याशी भांडतील. मला सवय आहे."

मला भीती वाटत नाही. हे कोणासाठी लिहीत आहे, कळत नाही.

शनिवार, ८ मार्च

पोटावर एक वीत लांब टाके. हसता येत नाही. हसण्यासारखे काही नाहीही.

गुरुवार, २० मार्च

काल घरी पोचलो. आज पहिला गुरुवार आणि पहिलाच घोटाळा! डॉक्टरांच्या काट्यावर उभा राहिलो तो सुई एकशे वीसवर जाऊन खिळली. पुढे आकडाच नाही. डॉक्टर म्हणाले, "एवढा माल मोजणारा काटा गावात एकच. तुमच्याच सोसायटीचा."

बागायतदारांच्या सोसायटीचा मी बारा वर्षे चेअरमन होतो. शेडमधला केळी तोलण्याचा काटा मीच आणविला. तेव्हा गेलो. घड उतरविणारी सर्व मंडळी काम सोडून उभी. कोणीतरी विचारले, "चेअरमन, हा घड किती फण्यांचा?" मी म्हणालो, "तुझ्या बापाला विचार, त्याच्या लग्नात मीच वाढायला होतो."

काट्यावर चढलो आणि काट्याकडे पाठ केली. माल देणाऱ्याने काट्याकडे पाहायचे नाही, तोलणाऱ्यावर विश्वास ठेवायचा, ही शिस्त मीच घालून दिली आहे. तोलणारा गंगाराम वीस वर्षांचा जुना माणूस. त्याने चिठ्ठी दिली. एकशे चोवीस. ती डॉक्टरांनी कार्डावर उतरवून मुंबईस पाठविली.

दहा किलो गेले! शाबास.

गुरुवार, १० एप्रिल

चिठ्ठी एकशे एकोणीस.

डॉक्टरांनी विचारले, दिवसातून शौचास किती वेळा? मी सांगितले, तीन. खरा आकडा नऊ आहे. परंतु जुलियानाबाई पडद्यापलीकडे होत्या, आणि प्रतिपक्षाच्या घरात एक सभ्य मनुष्य नऊ हा आकडा उच्चारू शकत नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

आज कोर्टात तारीख होती. वसईच्या बसमध्ये डॉक्टर आणि मी मागेपुढे बसलो होतो. न्यायाधीश रजेवर. परत येताना डॉक्टरांनी बसमध्येच माझी नाडी पाहिली. मी हात ओढून घेतला नाही. वकिलाने पाहिले असते तर!

गुरुवार, १ मे

चाललो! या टोकापासून त्या टोकापर्यंत, सात ओळी. चपला बांधावर काढल्या, देवाचे नाव घेतले आणि आत शिरलो. खांदा कोठेही लागला नाही. पाने खुडली, वेली बांधल्या, दोन टोपल्या भरून बाहेर दिल्या.  मथुरेने माझी बंडी मागून मुठीत धरून पाहिली. कापड केवढे सैल झाले आहे ते.

चिठ्ठी एकशे चौदा. मला वाटले होते याहून कमी असेल. वजन उतरण्यास मीच कमी पडत आहे. आजपासून रात्रीचा भात बंद.

दिवाकरला कार्ड टाकले. ‘सात ओळी’ एवढेच लिहिले.

गुरुवार, १२ जून

एकशे आठ. डॉक्टर म्हणाले, "कार्डावर तर सगळं ठीक दिसतंय. पण तुमचं तोंड मला ठीक दिसत नाही, नरहरीभाऊ. आता माझ्या काट्यावर मावाल. चढा बघू."

मी नकार दिला. सोसायटीच्या काट्यावर सरकारी मोहर आहे. दवाखान्याच्या काट्यावर कोणाची आहे?

"हे विहिरीसारखंच झालं," ते म्हणाले.

"होय," मी म्हणालो.

रक्ताची बाटली मुंबईस गेली. परत काही कळलेले नाही.

शनिवार, २८ जून

पायात रात्रंदिवस गोळे येतात. वेल बांधताना बोटांतून दोरा सुटतो. मथुरा म्हणते, डॉक्टरांना सांगा. गुरुवारी सांगेन, असे म्हणालो.

गुरुवार, ३ जुलै

सांगितले नाही.

गुरुवार, १० जुलै

तिसऱ्या ओळीत खाली बसलो तो उठता येईना. पाय आहेत, पण माझे नाहीत. पाऊण तास पांगाऱ्यास टेकून बसलो. मथुरा बांधावरून या टोकास, त्या टोकास धावत होती आणि ओरडत होती, "दिसत नाही तुम्ही! कुठल्या ओळीत आहात? बोला ना!" मी बोलत होतो. आवाज निघत नव्हता.

शेवटी ती गेली आणि डॉक्टरांना घेऊन आली. प्रतिपक्षाने चपला काढून माझ्या पानवेलीत प्रवेश केला आणि मला पाठीवर घेऊन बाहेर आणले. एकट्याने! तेव्हाच त्यांनी ओळखले असले पाहिजे.

शुक्रवार, ११ जुलै

कालचे लिहायचे राहिले. डॉक्टरांनी मला थेट स्वतःच्या काट्यावर उभे केले. सुई शहाऐंशीवर थांबली. गेल्या गुरुवारची गंगारामाची चिठ्ठी एकशे दोनची!

मी म्हणालो, "आपला काटा खोटा आहे."

"असेल. चला, पडताळून पाहू." प्लासिडचा ट्रक बोलावला. डॉक्टर प्रथम स्वतःच्या काट्यावर उभे राहिले, एकाहत्तर. मग शेडमध्ये गेलो. तेथे गंगारामाने त्यांना तोलले. एकाहत्तर! मग मला तोलले आणि चिठ्ठी लिहू लागला. डॉक्टरांनी त्याचा हात धरला. "गंगाराम, काट्यावर किती आहे ते बोल. लिहू नको."

गंगाराम काट्याकडे पाहीना. "शहाऐंशी," म्हणाला. आणि रडू लागला.

चेअरमन असताना ठराव मी केला होता. व्यापारी घडाच्या दांड्यापोटी वजन कापतात, म्हणून सभासदाच्या मालाचे माप झुकते धरावे, काट्यापेक्षा थोडे जास्त लिहावे. गंगाराम वीस वर्षे तसेच तोलतो. पहिल्या आठवड्यात त्याने रीतीप्रमाणे चार-पाच किलो झुकते धरले. मग मी दर गुरुवारी येत गेलो, दर गुरुवारी हलका. "चेअरमनचा माल दर खेपेला कमी लिव्हायचा? मला हात होईना हो, साहेब. लोक बाजूला उभे राहून बघतात. मी थोडं थोडं वाढवून धरलं. मला काय म्हाईत, ते कार्ड मुंबईला जातं नि त्यावर औषधपानी ठरतं!"

डॉक्टर म्हणाले, "मग मला का नाही वाढवून दिलंस?"

"तुमी सभासद नाय ना."

 त्याने माझा मान राखला. आणि मला हसूही आले, पण पोट दुखले.

घरी येताना डॉक्टरांनी विचारले, "आता सांगा. दिवसातून किती वेळा?"

"नऊ," मी म्हणालो. "कधी बारा."



गुरुवार, २४ जुलै

मुंबईचे पत्र आले. डॉक्टरांनी वाचून दाखविले. रक्तातील क्षार फार उतरले आहेत, यकृत बिघडत आहे. पंधरवड्यात इस्पितळात यावे, आतडे पूर्ववत जोडावे लागेल. नाहीतर दिवाळी कठीण.

"पूर्ववत म्हणजे वजनही पूर्ववत?"

"बहुतेक," डॉक्टर म्हणाले. "पण जिवंत राहाल."

"आणि वाट दीड हाताचीच राहील."

त्यांना आमच्या घरातल्या शब्दाची गोष्ट ठाऊक नव्हती. सांगितली. ते म्हणाले, वाट रुंद करा. मी म्हणालो, एक आड एक ओळ उपटावी लागेल. अर्धी वाडी उपटून उरलेली वाचवायची असेल, तर दिवाकरच्या म्हणण्यात काय वाईट आहे?

संमतीचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवून मी उठून आलो.

रविवार, ३ ऑगस्ट

दिवाकर आला. पाया पडला. एरवी पडत नाही. म्हणाला, "बाबा, वाडीचं राहू द्या, मी काही मागत नाही. तुम्ही जा हो मुंबईला."

मला दया नको आहे. घरचे माणूस पानवेलीत नसेल तर सही, हा शब्द मी दिला आहे, तो मागे घेण्याचा अधिकार त्याला नाही. दिवाळीपर्यंत मी पानवेलीत फिरणार, शेवटच्या दिवसापर्यंत फिरणार. लोक म्हणतील, हट्टी होता. म्हणोत! अडकून मेला, असे तरी म्हणणार नाहीत.

डॉक्टर दररोज घरी येऊन सलाईन लावून जातात. आजही बजावले, "मी दोन वर्षांची सही केली आहे, नरहरीभाऊ. तुम्ही मला खोटा पाडणार का?" मी तोंड भिंतीकडे केले.

बुधवार, ६ ऑगस्ट

दोन ओळी. मग बसलो.

शनिवार, ९ ऑगस्ट

वाडीत जाता आले नाही. मथुरा पायांना तेल लावत होती. मध्येच विचारू लागली. पान कोणत्या पेरावरचे खुडायचे, कोणते ठेवायचे? देठ किती लांब ठेवायचा? वेल पांगाऱ्याला बांधताना गाठ आवळायची की सैल ठेवायची?

चाळीस वर्षे पाने हाताळूनही तिला हे ठाऊक नाही! मी पुष्कळ वेळ समजावून सांगितले. तिने दोऱ्याची गाठ माझ्या पायाच्या अंगठ्यावर बांधून दाखविली. पहिली चुकली. दुसरी बरोबर आली. फार दिवसांनी मन रमले.

गुरुवार, १४ ऑगस्ट

सकाळी खाट ओटीवर घेऊन बसलो होतो. बांधावर मथुरेच्या चपला होत्या. मथुरा नव्हती. चौथ्या ओळीत वेली हलत होत्या, टोकाकडून टोकाकडे, न थांबता.

मी हाक मारली नाही. प्लासिडला निरोप धाडून दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांना विचारले, संमतीच्या कागदावर सही कोठे करायची.